पांढरी पडलेली बांगडी

फार जुन्या काळी, राजे स्वतः दागिने पारखत तेव्हाची ही गोष्ट. एका नगरात एक सोनार होता. हात कसबी, पण तोंड जरा मोठंच! तो सगळ्यांना ऐकवी, "सोनं पाण्यानं गंजत नाही, मिठानं झिजत नाही, हवेनं काळवंडत नाही. त्याला कशाचीच बाधा नाही!"

त्याच्या दुकानातली राख आणि केर एक झारेकरीण विकत नेई. केर धुऊन ती त्यात पारा फिरवी, की सोन्याचे कण पाऱ्याला बिलगत. मग आगीवर पारा उडून जाई आणि सोनं मागे राही. त्यावरच बिचारीचं पोट चाले.

एकदा ती केर न्यायला आली, तेव्हा सोनार आत जेवत होता. समोर उघड्या डबीत राजकन्येच्या लग्नाची बांगडी! जन्मभर सोनं धुतलं, पण अंगावर कधी घातलं नव्हतं. तिनं बांगडी हातात चढवली, क्षणभर मिरवली आणि हसत परत ठेवून डबी मिटली. बोटांना पारा लागलाय, हे ती साफ विसरली.

दुसऱ्या दिवशी दरबारात डबी उघडली, तर बांगडी पांढरीफटक!

"सोनं म्हणून कथील देतोस?" राजा कडाडला. "सूर्य मावळायच्या आत नगर सोड!"

बांगडीला परक्या हाताचा स्पर्श झालाय, हे सोनाराला कुठून कळणार?

झारेकरणीच्या कानावर हे गेलं. गप्प बसली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ती धावत दरबारात आली.

"म्हाराज, सोनं खरं हाय. चूक माजी. मला मोह झाला, बांगडी घालून बघितली. हाताला पारा व्हता. शेगडी मागवा, अन् समदे धुरापासनं लांब ऱ्हावा."

अंगणात शेगडी पेटली. पारा उडाला. सोनारानं बांगडी घासली आणि ती पिवळीधमक झाली! राजकन्येनं टाळ्याच वाजवल्या.

"हिला शिक्षा काय करायची?" प्रधानानं विचारलं.

राजा हसला. "हिनं लग्नाला यायचं, तेही हातात सोन्याची बांगडी घालून. ती आम्ही देऊ."

"नाही महाराज," सोनार पुढे झाला, "ती मी देईन. माझी अब्रू हिनं राखली."

आणि त्यानं ती खरंच दिली. लग्नात नवरीपेक्षा झारेकरीणच जास्त मिरवली म्हणतात!

तात्पर्य : सोन्याचा कस आगीत लागतो, माणसाचा चूक कबूल करताना.