अर्धमेले साप

फार जुनी गोष्ट. बांबूच्या बेटात कोंबड्यांची वस्ती होती. साप आला की त्या शेजारच्या मुंगसाला हाक मारत. आकाशात घार दिसली तरी त्यालाच बोलावत, जणू ते उडणारच होतं! मार खाऊन साप बिळात शिरला की म्हणत, "झालं, दादा. आता साप दिसत नाही. जा घरी." मुंगूस बीळ उकरायला निघे, पण त्या ऐकत नसत.

बिळातले अर्धमेले साप बरे होत आणि मुंगसाच्या उड्या बघून शहाणे होत. एके दिवशी मुंगसाने झेप घेतली, तर साप आधीच बाजूला झाला होता. त्याने डोळ्यांदेखत पिल्लू गिळलं.

"तुझ्यात दमच उरला नाही!" थोरली कोंबडी ओरडली.

"माझ्यात?" मुंगूस उसळलं. "साप तुम्ही वाचवलेत, माझे डावही तुम्हीच त्यांना दाखवलेत! आता ही सापाची कात घ्या आणि पिल्लांना रोज हुंगवा. म्हणजे साप शिरताच ती स्वतःच ओळखतील आणि मिळून तुटून पडतील."

दुसऱ्या दिवशी पिल्लं कात हुंगू लागली, तशी थोरलीने ती कात पायाने भिरकावली. "साप दिसतोय का कुठे? मग लेकरांना उगाच कशाला त्रास?"

बिळातल्या सापांचंही अगदी हेच म्हणणं होतं.