राजाची न चाललेली पावले

एका राज्यात, जिथली नदी सकाळी डोंगर उतरत असे आणि सायंकाळी पुन्हा चढत असे, तिथे मकरंदसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा भला होता, प्रेमळ होता आणि आळशी होता. राजाला आळशी म्हणण्याची त्या दरबारात पद्धत नसल्यामुळे त्यास धीरगंभीर म्हणत.

त्या राज्याची एक जुनी रीत होती. राजाने स्वतः काही करणे कमीपणाचे मानले जाई. प्रत्येक कामास राजाच्या वतीने एकेक अधिकारी नेमलेला असे. कोवळ्या उन्हात बसणारा एक, पालेभाजी खाणारा एक, वेळेवर निजणारा एक. रोज सायंकाळी तळ्यापर्यंत फिरून येणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव भानजी. जिलेबीसाठी मात्र लायक माणूस न मिळाल्यामुळे ते काम राजा स्वतः पाही.

राणी हेमप्रभा या रितीला हसत असे. पूर्वी ती आणि राजा जोडीने तळ्यावर जात. पुढे भानजीची नेमणूक झाली आणि राणी भानजीबरोबर जाऊ लागली. भानजीचे गाल दिवसेंदिवस लाल होत गेले. राजा खिडकीतून पाही आणि म्हणे, "आज मी फार चाललो."

बारा वर्षांपूर्वी जीर्णकेतू नावाचा मांत्रिक दरबारी आला होता. राजाच्या आदरातिथ्याने प्रसन्न होऊन तो म्हणाला होता, "वर माग."

"देहाला कष्ट नकोत," राजा म्हणाला.

मांत्रिकाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. "तथास्तु. तू न चाललेली पावले, तुला न लागलेली भूक, तू न घेतलेली झोप, सारे माझ्या गुहेत हंड्यांत राहील. परंतु जो देह कामास येत नाही, त्याचे एक दिवस लाकूड होते. तेव्हा ज्याचे त्याने येऊन सोडवावे."

शेवटचे वाक्य कोणी नीट ऐकले नाही, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मग एके सकाळी राजा जागा झाला, तो त्याच्या पायांची बोटे चंदनाची झालेली. राजवैद्याने नखाने खरवडून वास घेतला. "चंदनच. उत्तम प्रतीचे." त्याने कडू काढा दिला. रितीप्रमाणे तो औषध घेणाऱ्या अधिकाऱ्याने घेतला. त्या अधिकाऱ्यास फार बरे वाटले.

तेव्हा खिडकीत एक म्हातारी साळुंकी येऊन बसली आणि मनुष्यवाणीने बोलू लागली. "राजा, हे लाकूड वर चढेल. ज्या दिवशी काळजाला भिडेल, त्या दिवशी तू पुतळा होशील. राणीने हाक मारली तरी तुला ऐकू येणार नाही. जीर्णकेतूच्या गुहेतले हंडे उघडले, तर शाप सुटेल."

"उत्तम," राजा म्हणाला. "सेनापतींना पाठवा."

सेनापती गेले. सात अरण्ये ओलांडून, दोन तोंडांच्या सर्पाला जिंकून गुहेपाशी पोचले. पण दार उघडेना. ते रिकाम्या हाताने परतले, तेव्हा लाकूड राजाच्या घोट्यापर्यंत आले होते. मग प्रधान गेले. ते परतले, तेव्हा लाकूड गुडघ्याशी.

"आता भानजीला पाठवू," राजा म्हणाला. "चालण्याचे काम मुळात त्याचेच आहे."

राणीने हातातला विडा तबकात ठेवला.

"अहो, सेनापती गेले, घोटा गेला. प्रधान गेले, गुडघा गेला. आता भानजीला पाठवा, म्हणजे सायंकाळी मी तुमच्या पुतळ्याला हार घालीन आणि फिरायला जाईन."

"मग आम्ही करावे तरी काय?"

"उठावे."

दरबारात असा शब्द पूर्वी कोणी उच्चारला नव्हता. दोन सरदारांना घेरी आली.

"राणीसाहेब, तुम्ही याल?" राजाने हळूच विचारले.

"सोबत चालेल," साळुंकी मध्येच म्हणाली. "बदली चालणार नाही. कामे तीन आहेत. पहिले, स्वतःच्या पायांनी डोंगर चढणे. पुढची दोन तिथे कळतील."

गुहेचा डोंगर राजवाड्याच्या मागेच होता. सेनापती परसदारातून जात नसतात, म्हणून ते सात अरण्यांतून गेले होते.

पहिल्या दिवशी राजा खटखट करीत जांभळीच्या झाडापर्यंत गेला आणि खाली बसला. "हरलो," तो म्हणाला.

"परत चला," राणी म्हणाली. "उद्या पुन्हा येऊ."

घरी येऊन पाहिले, तर लाकूड वर चढले नव्हते. दुसऱ्या दिवशी राजा जांभळीच्या पुढच्या खडकापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी अंग इतके दुखले, की त्याने भानजीला हाक मारली. भानजी आला, मुजरा केला आणि म्हणाला, "महाराज, अंग आपले दुखते आहे. मी चाललो तर माझे दुखेल, आपले राहील ते राहीलच." राजाने निमूटपणे चपला घातल्या. चौथ्या दिवशी डाव्या पायाच्या अंगठ्याला मुंगी चावली आणि राजा आनंदाने ओरडला, कारण ती त्याला कळली होती.

सातव्या दिवशी सकाळी निघून दोघे दुपारी गुहेच्या दाराशी पोचली. दाराशी तीन डोळ्यांची राक्षसीण चुलीपाशी भाकरी थापत होती.

"दुसरे काम," ती म्हणाली. "स्वतःच्या भुकेने जेवणे. कोणाची उसनी भूक इथे चालत नाही."

राजाने पोटावर हात ठेवला आणि घाबरून राणीकडे पाहिले. "राणीसाहेब, आत काहीतरी गुरगुरते आहे. लाकूड पोटात शिरले की काय?"

"तिला भूक म्हणतात, अहो. तुमची जुनी ओळख आहे."

राक्षसिणीने भाकरी, माठाची भाजी आणि फोडलेला कांदा पुढे ठेवला. राजा अधाशासारखा तुटून पडणार, तोच तिने तिसरा डोळा वटारला. "चावून!" राजा चावू लागला. चावता चावता त्याच्या ध्यानी आले, की ज्वारी गोड असते. दीड भाकरीनंतर त्याने हात थांबवला आणि नवलाने म्हणाला, "पुरे झाले." हा शब्द जिलेबीच्या बाबतीत त्याने कधी वापरला नव्हता. दार आपोआप उघडले.

आत जीर्णकेतू व्याघ्रासनावर बसला होता. मागे छतापर्यंत तांब्याचे हंडे रचलेले. काहींत न चाललेली पावले खडखडत होती, काहींतून न घेतलेली झोप धुक्यासारखी पाझरत होती.

"ये, राजा," मांत्रिक गरजला. "तिसरे काम सर्वांत कठीण. ना मऊ बिछाना, ना पंखा, ना अंगाई गाणारा भाट. या उघड्या शिळेवर तुला स्वतःची झोप घ्यायची आहे. मी तुझ्यापुढे तीन मायावी भये उभी करीन. पहिले भय शत्रूचे. त्याच्या हातात जळती..."

"हळू बोला," राणी ओठांवर बोट ठेवून म्हणाली.

राजा शिळेवर आडवा झाला होता आणि घोरत होता.

मांत्रिकाने उरलेली अडीच भये हलक्या आवाजात पुरी केली, कारण तयारी केलेली होती. पण ऐकायला कोणी नव्हते. राणीने आपला शेला राजावर घातला. राजाच्या गुडघ्यांवरून चंदनाची साल एकेक करून गळून पडू लागली.

"आता हे हंडे आम्हांला द्या," राणी म्हणाली.

"नेऊन काय कराल, बाई? बारा वर्षांची शिळी पावले आज कोणाला चालता येतात? ती गेली. उद्याची तेवढी हाती आहेत."

पहाटे राजा उठला. त्याने दोन्ही पाय हलवून पाहिले, मग राणीकडे पाहिले, आणि स्वतःच्या हातांनी हंड्यांची झाकणे काढली. पावले खडखडत डोंगर उतरून गेली. भुकेचे पोपट झाले आणि शेतांवर उडाले. झोप धुके होऊन नगरावर पसरली, आणि प्रजा दुपारपर्यंत निजली. त्या दिवशी दरबारात एकही तक्रार आली नाही.

शाप सुटला. राजाने सारी बदलीची पदे रद्द केली. निद्राधिकारी रडला, त्याला शेतावर पाठवले, तिथे त्याला अधिक चांगली झोप लागली. भानजीला राजा म्हणाला, "तुझी जागा गेली."

"जागा गेली, महाराज. पाय आहेत," भानजी म्हणाला, आणि सायंकाळी तो तळ्यावर हजर होता. राजा-राणीच्या दहा पावले मागून चालत होता.

डाव्या पायाची करंगळी मात्र जीर्णकेतूने मुद्दाम चंदनाचीच ठेवली. कधी सभा लांबते, कधी जिलेबी ताजी असते, कधी नुसताच कंटाळा येतो. अशा वेळी दरबारात चंदनाचा मंद वास दरवळू लागतो. सरदार एकमेकांकडे पाहतात. राणी हेमप्रभा शांतपणे उठते, राजाच्या चपला आणून सिंहासनासमोर ठेवते आणि म्हणते, "अहो, वास येतोय."

आणि राजा उठतो. ती दोघे तळ्यावरून परत येईपर्यंत तिथली नदीही डोंगर चढायची थांबून राहते, असे सांगतात.