लिस्बनला निघालेला पखवाज

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शब्दही साधेच आहेत, शाळा लवकर सुटली. गोष्ट मात्र मनापासून लिहितो.

"पण महाराज, ज्यानं एकही प्रश्न विचारला नाही, त्याच्यावर शंका कशी घ्यायची?"

रंगनाथनं हे विचारलं तेव्हा कृष्णेवर धुकं उतरत होतं. पलीकडचा काठ दिसेनासा झाला होता. गोदूमहाराज मठाच्या पायरीवर डोळे मिटून बसले होते. समोर पखवाज नव्हता, तरी त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती.

रंगनाथ त्यांचा सगळ्यांत तयार शिष्य. हात असा, की ऐकणारा श्वास घ्यायचं विसरे. आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. लिस्बनच्या एका संगीतशाळेनं त्याला शिकवायला बोलावलं होतं. तो विमानानं पुढे जाणार, पखवाज पेटीतून मागाहून जाणार. वडिलांचा पखवाज. वडील गेले, घर गेलं, त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं.

"शंका मी कुठं घेतली?" महाराज म्हणाले. "तू सांग. मी ऐकतो."

"पखवाज तिकडे धाडायचं शहरात दोघांना विचारलं. एक ती परदेशी माल पाठवणाऱ्या गोदामातली तावरेबाई. बाई कसली, फौजदारच! म्हणाली, पेटी उघडा. उघडली. लाकूड कुठलं? तिकडे पेटी कोण घेणार? त्याचा नंबर द्या. डाव्या तोंडाला आवाजासाठी लावलेली कणीक चिकटलेली दिसली, तर म्हणे, हे पीठ खरवडून आणा, तिकडे अडवतील. आणि महाराज..." रंगनाथचा आवाज चिरकला. "विचारते, कातडं कुठल्या जनावराचं!"

"मग? सांगितलंस?"

"देवापुढं वाजतं ते! त्याला जनावर विचारते! पेटी उचलली नि चालता झालो."

महाराजांच्या मिशीत हसू हललं. "आणि दुसरा?"

"तो मोहितशेठ. खोलीवर आला. चपला बाहेर काढल्या. पखवाजाला हात जोडले, महाराज! म्हणाला, गुरुजी, तुम्ही फक्त वाजवायचं, बाकी मी आहे ना. बाईपेक्षा निम्म्यात नेतो. पैसे तेवढे उद्या सकाळीच फोनवरून टाकायचे, परवापासून भाव वाढतोय. टेम्पोही सकाळीच येणार."

"ऑफिस कुठं त्याचं?"

"फिरतीवर असतो."

"पावती?"

"सामान पोचल्यावर देणार."

धुकं एक पायरी वर चढलं...

"पखवाज आण."

रंगनाथनं आतून पखवाज आणला. महाराज उठले. त्यांनी वाद्याला हात जोडले, डोकं टेकवलं. मग तान्ह्या पोराला घ्यावं तसा तो छातीशी धरला आणि घाट उतरू लागले.

खाली मठाची लहानशी होडी बांधलेली होती. होडीत कोरडं गवत होतं. त्यावर पखवाज निजवून महाराजांनी आपल्या खांद्यावरची घोंगडी त्याच्यावर पांघरली. रंगनाथला वाटलं, प्रवासाला निघायच्या आधी मठात काही करायची रीत असेल. त्यानंही हात जोडले.

महाराजांनी दोरी सोडली.

होडी हलली. आवाज नाही, लाट नाही. जणू पाणी जागच्या जागी होतं आणि काठच मागे सरकत होता.

"महाराज!"

"पाठवला."

"पाठवला? कुठं?"

"लांब."

"अहो, पण वल्हं कोण मारतंय? पलीकडं घेणार कोण? बुडाली तर कुणाला धरायचं?"

"आणखी?"

होडी अर्धी धुक्यात शिरली होती. मग नुसती घोंगडीच दिसू लागली. मग तीही नाही...

रंगनाथनं अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उडी टाकली. पाणी छातीला लागलं. चारी बाजूंना पांढरं. काठ कुठला, नदी कुठली, काही कळेना. तो थांबला. त्या पांढऱ्यात कुठंतरी एक थाप पडल्यासारखी वाटली. अगदी हलकी. लहानपणी दुपारी झोपेत वडिलांची ऐकू यायची, तशी. तो तिकडे हात पसरून गेला, आणि बोटांना होडीचं लाकूड लागलं.

होडी ओढत तो काठाला आला तेव्हा दातांवर दात वाजत होते. पखवाज कोरडा होता. त्यानं तो पोटाशी घेतला आणि पायरीवर बसकण मारली. महाराजांकडे बघायचं त्याला धैर्य होईना.

महाराजांनी दोरी पुन्हा बांधली. सावकाश.

"प्रश्न चांगले आहेत," ते म्हणाले. "इतके दिवस कुणासाठी राखून ठेवले होतेस?"

रंगनाथ घोंगडीत अंग गुंडाळून तिथंच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं खोलीवरून मोहितशेठला फोन लावला आणि तेच सगळं विचारलं. कोण नेणार, तिकडे कोण घेणार, हरवलं तर कुणाला धरायचं. शेठ आधी हसला. मग म्हणाला, "गुरुजी, आमच्यावर विश्वास नाही का?" मग म्हणाला, "टेम्पो तुमच्या दारात उभा आहे, आधी पैसे टाका."

रंगनाथनं दाराबाहेर डोकावलं. बोळात एक कोंबडी होती.

"टेम्पो कुठल्या रंगाचा?" त्यानं विचारलं.

फोन बंद झाला. तो पुन्हा लागला नाही.

मग त्यानं पखवाजाच्या डाव्या तोंडावरची वाळलेली कणीक नखानं, हळूहळू, साफ खरवडून काढली. पेटी खांद्यावर घेतली. तावरेबाईच्या गोदामाकडे जाण्याआधी तो मठात वाकायला आला.

"बाईला काय सांगणार?" महाराजांनी विचारलं.

"कातडं बकरीचं, म्हणून सांगणार. आणि तिला तिचं नाव-गाव, पावती, सगळं विचारणार."

"चिडली तर?"

"चिडू दे. मीही चिडलोच होतो."

तो पाया पडला. अंग हलकं वाटत होतं. बाहेर धुकं विरत होतं.

"महाराज, आता मनात कसलाही संशय उरला नाही."

महाराजांनी त्याच्या खांद्यावरची पेटी नीट बसवून दिली.

"थोडा राहू दे बरोबर," ते म्हणाले. "त्याला भाडं पडत नाही."