पुढे कोण, मागे कोण

वाळवंटातल्या एका गावी नवा सुभेदार आला आणि आल्या दिवशीच त्यानं एकुलती एक विहीर आपल्या घोड्यांसाठी राखली. त्याचं दूध, धान्य मात्र गावातूनच यायचं.

गाऱ्हाणं ऐकून तो मिशीला पीळ देत म्हणाला, "मी रानमांजर, तुम्ही वाळूतले उंदीर. पटत नसेल तर गाव सोडा."

पावलांचा माग काढण्यात गावातल्या हमीरचा हात कुणी धरू शकत नसे. तो पुढं येऊन म्हणाला, "सरकार, जरा छावणीच्या कुंपणाबाहेर येता?"

बाहेर वाळूवर ताज्या खुणा होत्या. हमीरनं काठी टेकवली. "हा उंदीर. टेकडीवरचं बी संपलं, तसा इकडं आला. आणि ही मागची पावलं रानमांजराची. उंदीर वळला तिथं तेही वळलंय. मांजरामागं चाललेला उंदीर मात्र मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

"मग?" सुभेदार गुरकावला.

"काही नाही, सरकार. आम्ही पहाटे निघतो. तुम्ही तंबू कधी उचलणार तेवढं सांगा, म्हणजे वाटेत तुमच्यासाठी थांबायला बरं."

सुभेदारानं एकदा पावलांकडं पाहिलं, एकदा आपल्या मुदपाकखान्याकडं. दुपारच्या आत घोडे विहिरीवरून हलले.