कनेटिकटहून परतलेला शिष्य

“...मग नऊ वर्षं मी जे शिकलो, ते कुणाचं म्हणायचं, गुरुजी?”

मोक गुरुजींनी मान वर केली नाही. ते दगडावर शाई उगाळत होते.

वाइकिट बाराव्या वर्षी गावातून गेला. चीनच्या दरबाराने निवडून मुलं अमेरिकेला धाडली, त्यांतला तो एक. कनेटिकटमध्ये एका पाद्र्याच्या घरी राहिला. भूमिती शिकला, लॅटिन शिकला, बर्फावर घसरायला शिकला. मग एक दिवस त्याच दरबाराचा हुकूम सुटला : मुलं हाताबाहेर गेली, परत आणा. पदवीला तेव्हा दोन वर्षं उरली होती.

आता टोपीला शिवलेली खोटी वेणी पाठीवर सोडून तो इथे, आपल्या पहिल्या शाळेत, गुरुजींपुढे बसला होता. खरी, दरबाराने प्रत्येक पुरुषाला सक्तीची केलेली, त्याने तिकडेच कापून टाकली होती.

बाहेर नदीवर धुकं होतं. दुपार कलली तरी विरलं नव्हतं. बांबूची बेटं त्यात तरंगत होती, आणि आपण नेमके कुठल्या नदीकाठी आहोत, इथल्या की कनेटिकटच्या, हे वाइकिटला क्षणभर कळेना.

त्याने अडखळत सगळं सांगितलं. सरकारी तारायंत्राच्या शाळेत शिकवायला बोलावलंय, पण तो जाणार नाही. आजच्याच बोटीने हाँगकाँग गाठायचं, तिथून पुन्हा अमेरिका. इथे लोक त्याला परका म्हणतात. तिथेही म्हणायचेच. आणि गावच्या बोलीत बोलायला गेलं की शब्द सापडत नाहीत. स्वप्नात आपल्या भाताच्या शेतावर बर्फ पडत असतो, त्यातून आई चालत येते, तिचे ओठ हलतात... काय म्हणते ते कळत नाही.

गुरुजींनी शाई बाजूला ठेवली.

“त्यांनी तुला पुष्कळ दिलं. तू त्यांना काय शिकवलंस?”

“मला कुणी विचारलंच नाही.”



म्हातारा उठला. आपली खुर्ची सोडून विद्यार्थ्यांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसला. कुंचला हातात घेतला.

“मला शिकव. तिकडचं पहिलं अक्षर.”

वाइकिटला हसू आलं. सत्तरी उलटलेला हा माणूस, ज्याच्यापुढे अख्खं गाव वाकायचं. आता या वयात ते शिकून उपयोग काय, असं तो म्हणालाही. गुरुजींनी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

शेवटी त्याने काढून दाखवलं. दोन तिरप्या रेघा, मधे एक आडवी.

गुरुजींचं अक्षर वादळात सापडलेल्या तंबूसारखं आलं. दुसरंही तसंच. तिसऱ्या वेळी शाई ओघळली. तेव्हा वाइकिट त्यांच्या मागे गेला, वाकला, आणि त्याने कुंचला धरलेली ती बोटं आपल्या मुठीत धरली.

“सैल सोडा. मनगट नको, खांदा हलू द्या.”

शब्द न अडखळता आले. गावच्या बोलीत. हेच शब्द, याच सुरात, याच बाकावर कुणीतरी त्याच्या कानाशी म्हटले होते. तेव्हा तो पाच वर्षांचा होता...

धक्क्यावर बोटीने शिट्टी दिली. धुक्यातून ती फार लांबून आल्यासारखी वाटली. पुन्हा एकदा. मग पाणी कापल्याचा आवाज, तोही विरत गेला.

वाइकिट वाकलेलाच होता.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “माझ्या प्रश्नाचं उत्तर...”

“हात सोडू नकोस,” म्हातारा म्हणाला. “अजून एकच अक्षर झालंय.”