काटा तळाला गेल्यावर

दौलतराव चेअरमननी गावाला रुग्णवाहिका दिली, तिच्या दारावर स्वतःचा फोटो लावला, पण तिच्यात डिझेल घालायचं मात्र ते कायम विसरत. एका दुपारी तानूबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं, तालुक्याचा दवाखाना गाठणं भाग होतं. ड्रायव्हर इलाहीने पाहिलं तर काटा पार तळाला, आणि पंप तालुक्यालाच.

तेवढ्यात चेअरमन आपल्या मोटारीतून तालुक्याला सत्कारासाठी निघाले. इलाहीने वाट अडवली.

"साहेब, टाकीत डिझेल नाही."

"काटा खाली गेला म्हणून गाडी थांबत नसते रे! अजून वीस मैल आरामात जाते. मला शिकवतोस?"

तानूबाई रडत होती. जमलेली माणसं माना खाली घालून उभी होती. इलाही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपलं म्हणणं खरं, साहेब. मग आपणच या गाडीत बसा. पोरीला आपल्या मोटारीतून जाऊ द्या."

चारचौघांत काढलेला शब्द चेअरमनना गिळता येईना. सून मोटारीतून गेली आणि ते धुसफुसत रुग्णवाहिकेत चढले.

घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडी आचके देत बंद पडली.

"मुद्दाम केलंस! एवढ्यात कशी थांबली?"

नोकरी गेली, हे इलाहीला कळून चुकलं होतं. चावी त्यांच्या हातात ठेवून तो म्हणाला, "आत दुसऱ्याची लेक असली तरच गाडी वीस मैल जाते, साहेब. आपण स्वतः बसलो, की एवढीच जाते."