पाच गावांची दवंडी

फार पूर्वी, नव्या भांड्यावर टिचकी मारून लोक त्याची पारख करीत त्या काळी, नदीकाठच्या एका पेठेत एक तांबट राहत होता. त्याच्या पितळी भांड्यांवर गळ्यापाशी चंद्रकोरीचा छाप असे. तो छाप त्याच्या आजोबांनी सुरू केला होता. मुलीचे लग्न ठरले की आसपासच्या गावांत बाप म्हणे, "आंदणात बाकी काही कमी पडलं तरी चालेल, पण पातेलं कोरीच्या छापाचं हवं."

त्याच पेठेत एक म्हातारे शास्त्रीबुवा होते. बारा वर्षे गुरूच्या घरी राहून ते न्याय आणि व्याकरण शिकले होते. पण स्वभाव असा, की दाराची कडी लावली का हे बघायला तीनदा परत येत. साधे पत्र लिहायचे तरी सहा वेळा खोडत. बायको म्हणे, "आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर तुम्ही आधी 'बरोबर' म्हणजे काय ते विचाराल!"

तांबटाला असाच माणूस हवा होता. नवी भांडी तयार झाली की पाच गावांत दवंडी पिटली जाई, आणि तिचा मजकूर शास्त्रीबुवा लिहून देत. तांबट हसून म्हणे, "बुवा, तुम्ही स्वतःच्या शब्दांवर इतकी शंका घेता, म्हणून लोक घेत नाहीत." हे ऐकून शास्त्रीबुवांना बरे वाटे. मग असे बरे वाटून घेणे योग्य आहे का, अशी शंका येई.

पितळी भांड्याला आतून कल्हई करावी लागते. भट्टीवर भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथील लावायचे आणि कापसाच्या बोळ्याने ते चंदेरी पाणी आतून सगळीकडे पसरवायचे. कल्हई चांगली असेल तर कढी असो की आमटी, काही बिघडत नाही. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतो, हिरवट होतो, आणि खाणाऱ्याच्या पोटात विष जाते.

हे कथील दूरच्या बंदरातून येई. एका वर्षी गलबते आलीच नाहीत. नेमकी त्याच वर्षी राजाच्या मुदपाकखान्यातून भांड्यांची मोठी मागणी आली. तांबटाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कल्हईवाल्याला सांगितले, "उरलेल्या कथलात शिसं मिसळ. गलबतं येईपर्यंतच. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

कल्हईवाला एकदा नजर चुकवत शास्त्रीबुवांना म्हणाला, "बुवा, हल्लीचं कथील फार लवकर वितळतंय बघा."

"असं का?" म्हणून शास्त्रीबुवा पुढे गेले. साऱ्या जगावर शंका घेणाऱ्या त्या माणसाने तेवढी एक शंका मात्र घेतली नाही.

एके सकाळी नदीपलीकडच्या गावचा एक माळी डोक्यावर पातेले घेऊन दुकानात आला. शास्त्रीबुवा तिथेच बसले होते. माळ्याने पातेले खाली ठेवले आणि हात जोडले.

"मालक, माझ्या सगुणीच्या लग्नात आंदण दिलं हे. चार महिने झाले. तिनं ह्यात कढी केली, ती कळकली. सासऱ्याला उलट्या झाल्या, तो अजून अंथरुणाला खिळलाय. सासू म्हणते, हिनं रात्रीचं आंबट ताक भांड्यात तसंच ठेवलं आणि सकाळी त्याचीच कढी केली. पोर म्हणते, ठेवलं नाही, ताक ताजं होतं. तिला माहेरी धाडलीय."

"अरेरे," तांबट म्हणाला. "पाणी घे. गूळ घे."

"गूळ नको मालक. एवढंच सांगा, भांड्यात खोट होती का? असली तर पोर तिच्या घरी जाईल. नसली तर मी तिला काय ते विचारीन."

तांबटाने पातेल्याकडे पाहिले, पण उचलले नाही. "बाजाराच्या दिवशी दवंडी होईल," तो म्हणाला. "शास्त्रीबुवा लिहितील. त्यात सगळं कळेल."

माळी पातेले घेऊन गेला. शास्त्रीबुवांनी विचारले, "मालक, खोट होती का?"

"मी तुम्हाला खोटं लिहायला सांगतोय का?" तांबट म्हणाला. "आंबट पदार्थ पितळेत रात्रभर ठेवला तर कळकतो. हे खरं की नाही?"

"खरं."

"मग जे खरं आहे ते लिहा."

शास्त्रीबुवांनी लिहिले: "ऐका हो ऐका! ताक, दही, चिंचेचे सार पितळी भांड्यात रात्रभर ठेवू नये. ठेवल्यास ते कळकते. घरच्या बायकांनी काळजी घ्यावी." या मजकुरात त्यांना एकही शब्द खोडावा लागला नाही. त्याचे त्यांना थोडे नवल वाटले, पण थोडेच. पाच गावांत दवंडी पिटली गेली.

आठ दिवसांनी माळी पुन्हा आला. या वेळी तो दुकानात गेला नाही. शास्त्रीबुवांच्या ओट्यावर त्याने पातेले ठेवले.

"दवंडी ऐकली," तो म्हणाला. "सासू दारात उभी राहून सगळ्या आळीला म्हणाली, ऐकलंत ना? आता शास्त्रीच सांगतोय. मीपण मनात म्हटलं, तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असणार. मग मी पोरीला बोललो. बाप असून नको ते बोललो. ती रडली नाही. तिनं हे पातेलं घासलं, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, हे ज्याचं आहे त्याला देऊन या."

तो पायऱ्या उतरून गेला.

शास्त्रीबुवांनी पातेले जवळ ओढले. मग त्यांनी खांद्यावरचे पांढरे उपरणे काढले आणि पातेल्याच्या आत अंगठ्याने दाबून घासले. उपरण्यावर करडा पट्टा उमटला. त्यांना वाटले, राख राहिली असेल. त्यांनी पातेले धुतले, पुसले, पुन्हा घासले. पुन्हा पट्टा उमटला, आणि बुडाशी पिवळे पितळ दिसू लागले. मग त्यांनी घरातले जुने पातेले काढले. तेही त्याच छापाचे, तांबटाच्या वडिलांच्या हातचे. ते घासले. उपरणे पांढरेच राहिले.

तेव्हा त्यांना कल्हईवाल्याचे बोलणे आठवले. कथील लवकर वितळते ते केव्हा? त्यात शिसे असते तेव्हा. हे त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी वाचले होते.

ते तसेच तांबटाकडे गेले आणि उपरणे त्याच्या पुढ्यात पसरले. तांबटाने तो पट्टा बोटाने चाचपला. मग हळूच म्हणाला, "आपल्या दवंडीत एक तरी शब्द खोटा होता का?"

"नव्हता. मालक, म्हणूनच तर लोकांनी ती खरी मानली."

"भट्टीवर चाळीस माणसं आहेत, बुवा. राजाकडची भांडी पुढच्या महिन्यात जायची आहेत. आता हे बाहेर गेलं तर चाळीस चुली विझतील. त्यांचं पाप कुणाच्या माथी?" थोडे थांबून तो म्हणाला, "असं करू. माळ्याला नवं पातेलं देऊ. तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्या, की मुलीचा दोष नव्हता. मी खाली माझा छाप उठवतो. पण दवंडी नको."

शास्त्रीबुवांना हायसे वाटले. चाळीस चुलीही वाचल्या आणि मुलगीही वाचली. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी नावेत बसून स्वतः नदीपलीकडे गेले.

सगुणा अंगणात शेवंतीचे गजरे करीत बसली होती. तिने चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, "काय लिहिलंय आजोबा?"

त्यांनी वाचून दाखवली. तिने मान हलवली.

"चांगलं लिहिलंय. पण माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही. आळीतल्या कुणालाच येत नाही. ऐकू मात्र सगळ्यांना येतं." तिने दोऱ्याला गाठ मारली. "दवंडी पाच गावांत झाली आणि चिठ्ठी एका घरात?"

शास्त्रीबुवांनी चिठ्ठीची घडी घातली.

"आणि आजोबा, तसली पातेली अजून किती जणींकडं आहेत?"

चिठ्ठी त्यांनी परत घेतली. निघताना फक्त विचारले, "बाळ, दवंडीत तुझं नाव घेतलं तर चालेल?"

"आता तरी दुसरं काय घेतात?" सगुणा म्हणाली. "घ्या. नावानिशी घ्या."

बाजाराच्या आदल्या दिवशी शास्त्रीबुवा नवा मजकूर घेऊन तांबटाकडे गेले. "हे मी उद्या वाचणार आहे," ते म्हणाले. "तुम्हाला आधी दाखवायला आलो."

तांबटाने वाचले. त्याने कागद परत पुढे केला. "हे वाचलंत तर आजोबांचा छाप बुडेल."

"छाप आपण दोघांनी बुडवला, मालक. लोकांना सांगायचं तेवढं राहिलंय."

"आणि तुमची चूक झाली असली तर? अहो, तुम्हाला तर स्वतःच्या दाराची कडी लावल्याची खात्री नसते!"

हे शास्त्रीबुवांना लागले, कारण ते खरे होते. क्षणभर त्यांना वाटले, कागद फाडावा आणि घरी जावे. आजवर शंका आली की ते थांबत, आणि थांबण्यालाच शहाणपण समजत. पण शेवंतीच्या दोऱ्याची ती गाठ त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

"खरं आहे," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवू नये. मी पांढरी फडकी घेऊन जाणार आहे. ज्यानं त्यानं स्वतः घासून बघावं."

दुसऱ्या दिवशी भर बाजारात दवंडीवाल्याने डफ वाजवला, पण वाचायला शास्त्रीबुवा उभे राहिले. त्यांचा आवाज बारीक होता. माणसे जवळ सरकली.

"ऐका हो ऐका. गेल्या काही महिन्यांत कोरीच्या छापाच्या ज्या भांड्यांना कल्हई झाली, त्यांच्या कथलात शिसे आहे. त्यांत शिजवू नका. मागच्या दवंडीत बायकांना काळजी घ्यायला सांगितले. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि ती दवंडी खोटी होती. ती मी लिहिली. माळ्याच्या सगुणेचा काही दोष नव्हता. दोष भांड्याचा होता आणि त्यानंतर माझा."

एक म्हातारी पुढे आली, तिने फडके मागून घेतले, तांबटाच्या दुकानाच्या मांडणीवरचे एक कोरे पातेले काढले आणि आतून घासले. मग ते फडके तिने वर धरले. करडा पट्टा सगळ्या बाजाराला दिसला.

सगळ्यांच्या नजरा तांबटाकडे वळल्या. तो दुकानाच्या उंबऱ्यात उभा होता. अजूनही त्याला म्हणता आले असते, म्हातारा चळला आहे, फडके आधीच मळके होते. काही जणांनी ते मानलेही असते. पण तो वळला, मांडणीवरची भांडी एकेक करून काढू लागला आणि रस्त्यावर पालथी घालू लागला. शेवटचे ठेवून झाल्यावर तो भट्टीकडे बघून म्हणाला, "विझवा." आणि लोकांना म्हणाला, "परत आणा. कथील आलं की मी स्वतः कल्हई लावून देईन."

पुढचे वर्ष वाईट गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. राजाची मागणी दुसऱ्या पेठेत गेली. चाळीसांतल्या बावीस जणांनी गाव सोडले, आणि राहिलेल्यांपैकी काही शास्त्रीबुवांना रस्त्यात भेटले तर बोलत नसत. त्या माणसांची घरे चालवायला दवंडीचे शब्द पुरत नव्हते, हे शास्त्रीबुवांना कळत होते. आपण बरोबर केले का, हे ते स्वतःला रोज विचारत. तरीही त्या बाजारानंतर लगेचच राहिलेली चारही गावे त्यांनी दवंडीवाल्यासोबत पायी केली. जितक्या चौकांत पहिली दवंडी झाली होती, तितक्या चौकांत ही केली.

सगुणेच्या सासरी दवंडी झाली तेव्हा तिची सासू दारात उभी राहून सगळे ऐकत होती. ऐकून ती आत गेली. चौथ्या दिवशी ती स्वतः माळ्याच्या अंगणात आली. सगुणा आठ दिवस थांबली आणि मग गेली.

जाण्याआधी ती पेठेत आली. गलबते नुकतीच लागली होती आणि तांबटाने तिच्या पातेल्याला आपल्या हाताने कल्हई लावली होती. तो ते तिच्या डोक्यावर ठेवू लागला, तशी ती मागे सरली.

"आधी फडकं द्या," ती म्हणाली.

त्याने दिले. तिने पातेले आतून दाबून घासले, फडके उजेडात धरून पाहिले आणि मगच पातेले डोक्यावर घेतले. ते फडके तांबटाने दुकानाच्या दाराला टांगले. त्याच्या पश्चातही तिथे पांढरे फडके टांगलेले असे, आणि गिऱ्हाईक आधी छाप न बघता फडक्याला हात घाली.

तात्पर्य एवढेच: चार खऱ्या शब्दांनीही दुसऱ्यावर खोटा दोष लादता येतो, आणि तो चारचौघांत लादला असेल, तर चारचौघांतच उतरवून घ्यावा लागतो.